टिंबाची पुस्तकं

"दोन्हीकडचे आकडे जुळतात, मॅडम," असं तो माणूस तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुळतात म्हणे! जुन्या मशीनवर एक हजार सहाशे बारा पुस्तकं होती, नव्या मशीनवर एक हजार सहाशे बारा आली. हे तो मला पडद्यावर बोट ठेवून दाखवत होता, आणि मला हवं असलेलं एकच पुस्तक त्या एक हजार सहाशे बारांत नव्हतं.

"आकडे मला नका शिकवू. हाडांचं पुस्तक कुठंय?"

त्याने शोधून पाहिलं. शून्य. लेखकाच्या नावाने शोधलं. शून्य. मग खुर्ची माझ्याकडे वळवून, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशा सुरात म्हणाला, "असं पुस्तक इथे नव्हतंच, मॅडम."

मी त्याचं नाव 'झटपट' ठेवलं होतं. मी सुट्टीवर असताना संस्थेच्या सचिवांनी त्याला बाहेरून बोलावला होता. जुन्या मशीनवरची पुस्तकं नव्या मशीनवर न्यायची, एवढं त्याचं काम. पहिल्याच फोनवर "झटपट होऊन जाईल" हे शब्द त्याने पाच वेळा वापरले होते. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर पाण्याची बाटली अगदी सरळ रेषेत. असली माणसं मला मुळात आवडत नाहीत, आणि त्या सोमवारी तर मला कुणीच आवडत नव्हतं.

आमचं ग्रंथालय बोलक्या पुस्तकांचं आहे. ज्यांना दिसत नाही ते आमचे सभासद. हौशी मंडळी येतात, काचेच्या खोलीत बसून पुस्तक मोठ्याने वाचतात, आम्ही ते ध्वनिमुद्रित करतो आणि सभासद घरबसल्या ऐकतात. मी इथे टायपिस्ट म्हणून लागले. पहिलं मशीन बसवायला आलेला इंजिनिअर जाताना एका वहीत चार पानं लिहून देऊन गेला. यादी कशी मागवायची, फोल्डर कसा करायचा, इकडची फाइल तिकडे कशी न्यायची. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाही की चित्रं नाहीत. 'एलएस' टाइप करा, यादी समोर येते. 'सीपी' टाइप करून कुठून कुठे ते सांगा, प्रत होते. सगळंच न्यायचं असेल तर नावांच्या जागी एक चांदणी टाका, म्हणजे एकेक नाव लिहीत बसायला नको. त्या चार पानांवर मी एकोणीस वर्षं काढली आणि एक पुस्तक कधी इकडचं तिकडे झालं नाही. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

त्याच वहीच्या समासात एक ओळ होती: नावाआधी टिंब दिलं की फाइल यादीत दिसत नाही. या ओळीचा उपयोग मी शोधून काढला. आमच्याकडे एक पुस्तक वाचून व्हायला महिनोन्‌महिने लागतात. वाचणाऱ्याला सर्दी होते, सुनेचं बाळंतपण निघतं, कुणी मधूनच येईनासं होतं. एकदा एक अर्धवट रहस्यकथा चुकून यादीत गेली. आमच्या एका सभासद आजोबांनी ती एका बैठकीत ऐकली आणि शेवटचं प्रकरणच नाही म्हटल्यावर फोन केला, "खुनी कोण ते आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर तिथे येऊन दुसरा खून मी करतो." त्या दिवशी मी नियम केला. पुस्तक पुरं होईपर्यंत त्याच्या फोल्डरच्या नावाआधी टिंब. पुरं झालं की टिंब काढायचं, पुस्तक आपसूक यादीत. वाचणाऱ्यांनाही ते इतकं अंगवळणी पडलं की खोलीतून बाहेर येताना विचारायचे, "माझं टिंब कधी पडतंय?"

हा नियम मी कुठे लिहून ठेवला नव्हता. लिहायचा कुणासाठी? मशीनला हात लावणारी मी एकटी.

हाडांचं पुस्तक माझी ताई वाचत होती. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आम्ही दोघी एकत्र राहतो. फिजिओथेरपी शिकणारे काही सभासद माझ्या मागे लागले होते, हाडं आणि स्नायूंवरचं ते जाडजूड पुस्तक हवं म्हणून. कुणी हात लावेना, कारण त्यात दर दुसऱ्या पानावर आकृती. आकृती वाचायची कशी? ताई म्हणाली, मी बघते. आणि ती आकृत्या वाचायची नाहीच, सांगायची. "आकृती सात. उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे टाका. बोटांना एक आडवी कडा लागेल. घाबरू नका, ती तुमचीच आहे." हे पुस्तकात नव्हतं आणि कुठल्याही कागदावरही नव्हतं. ती आकृतीकडे बघत बघत बोलायची. मी काचेबाहेर कानाला हेडफोन लावून, आपलाच खांदा चाचपत बसायचे.

चौदा प्रकरणांपैकी अकरा झाली आणि ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या चार दिवस आधी ती येऊन अकरावं प्रकरण संपवून गेली. घसा इतका बसला होता की दर परिच्छेदाला थांबत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सांभाळून ठेव गं." मी म्हटलं, "माझ्या मशीनवर आहे. जातंय कुठं?"

आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घेते आणि पांढऱ्या पाटीवर लिहून बोलते. घरातल्या फोनमध्ये तिचा आवाज शोधला तर "इकडे बघा", "हसा", "हलू नका" एवढाच सापडतो. फोटो काढणारी कायम तीच. त्या सोमवारी मी तीन आठवड्यांनी कामावर निघाले, तेव्हा तिने पाटी माझ्यासमोर धरली: अकरा प्रकरणं घेऊन ये. ऐकायची आहेत.

म्हणून मी आले होते. आणि हा गृहस्थ मला आकडे दाखवत होता.

"यादी कशी काढलीत तुम्ही?" मी विचारलं.

"नेहमीसारखी. एलएस."

"टिंबासकट?"

त्याचा हात बाटलीकडे जाता जाता थांबला. मी त्याला बाजूला सारून कीबोर्ड ओढला आणि टिंबाची नावंही दाखवणारी यादी मागवली. एक हजार सहाशे बारा. एकही टिंब नाही. नऊ अर्धवट पुस्तकं नव्या मशीनवर पोचलीच नव्हती, आणि जुन्या मशीनवरच्या साध्या यादीत ती दिसत नव्हती. न आलेल्या मुलांची नावं हजेरीतच नसली तर हजेरी पूर्णच भरणार.

"जुळतात तर जुळतात! अहो, दोन्हीकडे जे दिसत नाही ते मोजायला तुमचे आकडे काय आंधळे आहेत?" हे मी आंधळ्यांच्या ग्रंथालयात, भर सकाळी, दार उघडं टाकून ओरडले. बाहेर बाकावर दोन सभासद बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "बाई आल्या वाटतं सुट्टीवरून."

सचिव धावत आले. त्यांचं एक ठरलेलं आहे. माझा आवाज ऐकू आला की ते दोन्ही हात खाली दाबत येतात.

"शांत व्हा, शांत व्हा."

"मी शांतच आहे! जुनं मशीन कुठंय?"

ते कोठीत होतं. तुटक्या खुर्च्या आणि वाकलेल्या माइकच्या दांड्यांमध्ये, वर चिठ्ठी चिकटवलेली: रिकामे. मी वायर ओढत होते तेवढ्यात झटपट मागून आला.

"मॅडम, त्यात काही नाहीये. शनिवारी पुसलं."

"पुसलं म्हणजे डिलीटच केलं ना? डिलीट केलेलं परत काढणारे असतात. बोलवा कुणाला तरी."

"डिलीट नाही." त्याचा आवाज आता झटपट नव्हता. "पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली. दोनदा. त्यातून काही परत निघत नाही. सभासदांचे पत्ते, फोन होते त्यावर. करारातच तसं आहे."

मी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी करारावर सही करताना जसं पाहिलं असेल तसंच, म्हणजे कुठेतरी भलतीकडेच, पाहिलं.

मग मला आठवलं आणि मी हसले. खरंच हसले. म्हटलं, तुमच्यासारख्यांच्या भरवशावर मी एकोणीस वर्षं काढलेली नाहीत. दर शुक्रवारी घरी जाण्याआधी सगळ्या पुस्तकांची एक प्रत मी वेगळ्या डिस्कवर घेते. पाऊस असो, ताप असो, शुक्रवार चुकवला नाही. ती डिस्क माझ्या कपाटात, जुन्या मफलरीत गुंडाळलेली होती. अकरावं प्रकरण झालं तो गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी प्रत घेऊनच मी सुट्टीवर गेले होते. मी मफलर सोडली, डिस्क जोडली आणि झटपटला म्हटलं, "या, बसा इथे. बघा, काम कसं करतात ते."

टिंबासकट यादी मागवली. नावं भराभर वर सरकत गेली आणि थांबली. मी पुन्हा वर गेले. टिंब असलेली नावं अगदी सुरुवातीला यायला हवीत. सुरुवातीला एक बालकथांचं पुस्तक होतं.

पुन्हा मागवली. तेच बालकथांचं पुस्तक.

झटपट माझ्या खांद्यामागून बघत होता. त्याने विचारलं, "प्रत कोणत्या आज्ञेने घेता?"

मी त्याला माझी ओळ दाखवली. वहीतली, इंजिनिअरने लिहिलेली, एकाही अक्षराचा फरक न करता मी दर शुक्रवारी चालवलेली. सीपी, मग पुस्तकांचं फोल्डर, त्यापुढे चांदणी, मग डिस्कचं नाव.

"ही चांदणी..." तो म्हणाला.

"काय चांदणी? चांदणी म्हणजे सगळं."

"टिंबाची नावं सोडून सगळं. चांदणी ती धरत नाही, मॅडम. कधीच धरत नाही."

एकोणीस वर्षांचे शुक्रवार. एवढ्या वर्षांत एकदाही अर्धवट पुस्तकाची प्रत माझ्याकडे नव्हती आणि मला ते ठाऊक नव्हतं, कारण मशीन कधी बिघडलं नाही. माझे हातपाय गळून गेले असते, पण माझं तसं होत नाही. माझा राग अशा वेळी आणखी चढतो. मी खुर्ची मागे ढकलून उठले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! चांदणी टिंबं धरत नाही हे तुम्हाला पाठ आहे, आणि तरी तीच चांदणी टाकून मोकळे झालात? एका शब्दाने विचारता आलं नाही? फोन होता ना तुमच्याकडे? बाकीची आठ पुस्तकं परत वाचून होतील, वाचणाऱ्यांचे गळे शाबूत आहेत. हिचा गळा कापून टेबलावर ठेवला होता हो डॉक्टरांनी! कुठून आणू मी आता तो आवाज? तुमच्या शून्यांतून?"

दारात आता ऑफिसमधले सगळे जमले होते. सचिवांचे हात हवेत तसेच राहिले होते. मला वाटलं, झटपट आता उलटून बोलेल, आणि मला ते हवंच होतं. पण त्याने आपला लॅपटॉप उघडला, काहीतरी शोधलं, आणि पडदा फक्त मलाच दिसेल असा वळवला. दारातल्या लोकांना दिसू नये म्हणून मधे उभासुद्धा राहिला.

ती त्याची मेल होती. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची. सतरा प्रश्न, क्रमांक घालून. नववा असा: नेहमीच्या यादीत न दिसणारी, टिंबाने सुरू होणारी फोल्डर्स आहेत का? असल्यास न्यायची का? कृपया जरूर कळवा, कारण नंतर जुनं मशीन पुसलं जाईल.

'कृपया जरूर' खाली रेघ होती.

आणि त्याखाली माझं उत्तर. सतरा प्रश्नांना मिळून एकच: "यादीत दिसतं तेवढंच आहे. तेवढं जरी नीट नेलंत तरी पुष्कळ झालं."

मला ते वाक्य चांगलंच आठवत होतं. हॉस्पिटलच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी ते लिहिलं होतं. पहिले दोन प्रश्न वाचले होते. मशीनवर किती पुस्तकं आहेत, कोणत्या फोल्डरमध्ये आहेत. एकोणीस वर्षं सांभाळलेल्या घराचा पत्ता मलाच विचारतोय, म्हणून डोक्यात तिडीक गेली आणि पुढचं वाचलंच नाही. वाक्य इतकं झोंबणारं जमलं होतं की मी दोन दिवसांनी ताईला शुद्ध आल्यावर वाचून दाखवलं. ती खांदे हलवून हसली होती. नव्या गळ्याने पहिल्यांदा हसली, म्हणून मी ते पुन्हा वाचलं होतं.

झटपटने लॅपटॉप मिटला. "मी फोन करायला हवा होता," तो हळू म्हणाला. "पण हॉस्पिटलमध्ये आहात असं कळलं, आणि तुमचं उत्तर... मला वाटलं, नको त्रास द्यायला."

मी त्याची माफी मागितली नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही माझा राग गेला नव्हता. नुसता ठेवायला जागा उरली नव्हती. मी पर्स उचलली आणि निघाले. बाकावरचा सभासद म्हणाला, "बाई, टिंबं पडली का?" मी तशीच पुढे गेले.

घरी ताई खुर्चीत ताठ बसली होती. तिने स्पीकर टेबलाच्या मधोमध आणून ठेवला होता. केस विंचरले होते, गळ्याभोवती धुतलेला रुमाल बांधला होता. मला पाहून तिने रिकामी खुर्ची जवळ ओढली.

मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच म्हटलं, "ताई, पुस्तक गेलं."

तिने पाटी उचलली. कुठे?

मी सांगत सुटले. सचिवांनी मला न विचारता बाहेरचा माणूस आणला. त्याने दिसेल तेवढंच नेलं. जुन्या मशीनवर शून्यं लिहिली, दोनदा. प्रत घ्यायची माझी ओळही त्या मेल्या इंजिनिअरने अर्धवट शिकवलेली. मी हातवारे करत बोलत होते आणि ताईचे डोळे भरत होते, पण ती मान हलवत होती. मधेच तिने माझा हात धरला. दुसऱ्या हाताने लिहिलं: गाढव आहे तो. तू जेवलीस का?

तिथे मी थांबू शकले असते. ती जन्मभर माझ्या बाजूची राहिली असती. आम्ही दोघींनी मिळून त्या झटपटला दर सोमवारी शिव्या घातल्या असत्या.

"त्याने विचारलं होतं," मी म्हटलं. "मेलमध्ये. टिंबाची फोल्डर्स आहेत का, न्यायची का. नववा प्रश्न होता. ते मी तुला वाचून दाखवलं नव्हतं का, माझं उत्तर? तुला हसू आलं होतं बघ. तेच ते."

ताईने माझा हात सोडला. पाटी पुसली, लिहिलं: तू प्रश्न वाचले नाहीस?

"नाही."

ती लिहायला लागली. एक शब्द लिहिला, तळव्याने पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. अक्षरं मोठी होत गेली, एकमेकांवर चढायला लागली, पेन पाटीवर करकरायला लागलं. तिला जे म्हणायचं होतं ते त्या पेनाच्या वेगात मावत नव्हतं. तिने पाटी भिंतीवर फेकली आणि तोंड उघडलं.

ताईने वर्गात साठ-साठ मुलं सांभाळली, पण कधी आवाज चढवला नाही. माझ्यावर तर नाहीच. मी लहानपणी तिची प्रयोगवही फाडली तेव्हा नाही, मी भरल्या घरात पाहुण्यांना घालूनपाडून बोलले तेव्हा नाही. आमच्या घरात ओरडायचं काम माझं आणि नंतर सगळ्यांची समजूत काढायचं तिचं. ती आता खुर्चीचे हात धरून पुढे वाकली होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, चेहरा लाल झाला होता, आणि ओठ भराभर हलत होते. आवाज येत नव्हता. रुमालाखालून फक्त हवा फसफसत बाहेर येत होती, आणि रुमाल हलत होता. दोन-चार शब्द मला ओठांवरून कळले. "एक ओळ", "वाचली असतीस", "नेहमी". बाकीचे कळले नाहीत. ती खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होती, श्वास घ्यायला थांबत होती आणि पुन्हा सुरू करत होती.

सवयीने माझ्या ओठांवर उत्तर आलंच होतं. तू आत बेशुद्ध होतीस, मी बाहेर एकटी होते, मला काय सुचणार होतं? सगळं तयार होतं, आणि आवाजही माझ्याकडेच होता. मी ते गिळलं. पायांत चपला तशाच ठेवून मी तिच्यासमोर उभी राहिले, आणि तिचं बोलून होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं.